फेसलिफ्टनंतरचा ताण : काय सोसावे, काय सोसू नये

(वार्षिक सभेत सुघटन शल्यविभागातर्फे केलेले भाषण)



धर्मादाय रुग्णालयाच्या सभेत फेसलिफ्टविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. भाजलेले रुग्ण आणि दुभंगलेल्या ओठांची बालके हेच आमच्या विभागाचे मुख्य काम आहे व राहील. तथापि अन्यत्र ही शस्त्रक्रिया करून घेतलेले रुग्णही आमच्या बाह्यरुग्ण विभागात येतात, आणि बहुधा उशिरा येतात. हौसेने करून घेतले, आता तक्रार कोणत्या तोंडाने करावी, हा संकोच त्यांना रोखून धरतो. पुष्कळदा घरच्यांनाही पुरते सांगितलेले नसते.

तक्रार ठरलेली असते : चेहरा आवळल्यासारखा वाटतो. हसताना गाल ओढले जातात, जांभई देताना कानापुढे ताण बसतो, मानेभोवती कोणी घट्ट पट्टा बांधला आहे असे वाटते. त्वचा फार ओढली गेली, अशी रुग्णाची समजूत होते. पूर्वी केवळ त्वचाच ओढून शिवीत, तेव्हा त्यात तथ्य असे. १९७६ साली मित्झ व पेरोनी या फ्रेंच शल्यविशारदांनी त्वचेखालच्या चिवट पडद्याचे वर्णन केले. पुढे खरा ताण या पडद्यावर द्यावा आणि त्वचा ताण न देता शिवावी, ही पद्धत रूढ झाली. अशा शस्त्रक्रियेनंतरही आवळलेपण जाणवते, ते सुजेमुळे, त्वचेखाली भरून येणाऱ्या जखमेच्या कठीणपणामुळे आणि संवेदनेच्या बारीक नसा तुटल्याने आलेल्या बधिरतेमुळे. दंतवैद्याने सुई दिल्यावर ओठ जाड झाल्यासारखा वाटतो. बधिरतेचा हा भास त्याच जातीचा.

सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत वाढते. काळेनिळे डाग साधारण दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. आवळलेपण मात्र काही आठवडे, क्वचित काही महिने रेंगाळते, आणि कानाच्या पाळीची बधिरता त्याहूनही चिवट असते. व्रण मऊ व फिकट होण्यास वर्षही लागू शकते. या काळात डोके उंच ठेवून उताणे निजावे, वाकून जड उचलू नये. आपल्याकडे घरोघरी कशावरही शेक देण्याची सवय आहे. ती येथे कटाक्षाने टाळावी. बधिर कातडीला चटका कळत नाही, आणि गरम पिशवीने गाल भाजून घेतलेले रुग्ण आम्हाला नव्याने पाहायचे नाहीत.

हे झाले सोसण्याजोगे. न सोसण्याजोगे ते असे : एकाच बाजूला झपाट्याने वाढणारी सूज, ठणका आणि गाल दगडासारखा होणे. याचा अर्थ आत रक्त साठत आहे. हे बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांतच घडते. रक्तदाब वाढलेला असल्यास आणि पुरुषांत अधिक. साठलेल्या रक्ताच्या दाबाने वरच्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून तेथे थांबणे धोक्याचे. तसेच भुलेचा अंमल उतरल्यावरही ओठाचा कोपरा वा भुवई हलत नसेल, तर त्याच दिवशी दाखवावे. ही दुर्बलता बहुधा तात्पुरती असते, पण ते तपासणाऱ्याने ठरवायचे.

गेल्या वर्षी अशाच एक निवृत्त शिक्षिका पहाटे पदराने गाल झाकून आल्या. सूज आदल्या रात्रीच सुरू झाली होती. शस्त्रक्रियेची गोष्ट सुनेला कळू नये म्हणून त्यांनी उजाडेपर्यंत कळ काढली. आम्ही टाके उघडून साठलेले रक्त काढले. गाल वाचला, कानामागचा थोडा भाग काळा पडला आणि तो भरून यायला अनेक आठवडे मलमपट्टी करावी लागली. त्या मिश्री लावीत असत. तंबाखूची चौकशी झाली होती, त्यांनी नाही म्हटले होते, कारण मिश्री त्यांच्या लेखी तंबाखूत मोडतच नव्हती. तंबाखूने त्वचेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात व जखमेची कड मरते. तेव्हापासून आमच्या परिचारिका भगिनी मिश्रीचे नाव घेऊनच विचारतात.

रात्रीच्या अपघात विभागालाही आम्ही कळविले आहे की चेहऱ्याच्या एका बाजूच्या सुजेचा रुग्ण आल्यास केसपेपर नंतर करावा, शस्त्रक्रिया कोठे व का केली हे सर्वांदेखत विचारू नये, आणि आम्हाला लगेच बोलवावे.