नॉर्दॅम्प्टनची नगरसभा

१८८९ च्या डिसेंबरांत मुंबईस राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरलें, त्यास चार्ल्स ब्रॅडलॉ हे इंग्रज गृहस्थ मुद्दाम आले होते. पार्लमेंटांत ते ज्या गांवाचे प्रतिनिधि होते, त्याचें नांव नॉर्दॅम्प्टन. जोड्यांच्या धंद्यासाठीं प्रसिद्ध असलेल्या या गांवानें आपला स्थानिक कारभार आठशें वर्षें कसा चालविला व अखेर तो त्याच्या हातून कसा गेला, ही हकीकत आज सांगावयाची आहे.

११८९ सालीं पहिल्या रिचर्ड राजानें गांवाला सनद दिली. १२१५ सालीं जॉन राजानें मेयरला मान्यता देऊन त्याच्या साह्यास बाराजणांचें मंडळ नेमावें, असें फर्माविलें. निवडणुकीच्या सभेस सामान्य रहिवासीहि येत. पण अल्प ऐपतीच्या लोकांच्या गर्दीमुळें दंगा होतो, अशी सबब सांगून १४८९ सालीं पार्लमेंटनें कायदा केला. मेयर व माजी मेयर यांनीं अठ्ठेचाळीस नागरिक निवडावे आणि या सर्वांनीं मिळून पुढील मेयर निवडावा, असें ठरलें. म्हणजे ज्यांच्या हातीं सत्ता, तेच आपले वारसदार नेमणार! हा प्रकार जवळजवळ साडेतीनशें वर्षें चालला.

१८३५ च्या कायद्यानें हें दार उघडलें. कर भरणारे पुरुष दर तीन वर्षांसाठीं सभासद निवडूं लागले. सभासद आल्डरमन व मेयर यांची निवड करीत. १८६९ पासून कर भरणाऱ्या स्त्रियांनाहि या निवडणुकींत मत मिळालें. १८६४ च्या सुमारास उभें राहिलेलें, गॉडविन यांनीं रेखिलेलें गिल्डहॉल त्या काळाच्या आत्मविश्वासाची साक्ष देतें. १८८९ ते १९७४ या काळांत तर शाळा, रस्ते सारें नगरसभेच्याच हातीं आलें. १९७४ सालीं मोठीं कामें काउंटी कौन्सिलकडे गेलीं. गांवाकडे घरें, कचरा, बागा इतकेंच उरलें.

२०१८ च्या फेब्रुवारींत त्या काउंटी कौन्सिलच्या हिशेबाधिकाऱ्यानें, जमाखर्चाचा मेळ बसत नसल्यानें नवा खर्च थांबवावा, अशी नोटीस काढली. सरकारी तपासनिसानें निर्णय दिला कीं, इतर काउंट्यांच्या मानानें येथील अडचण विशेष नव्हती. दोष कारभाराचा होता. त्याच्याच शिफारशीवरून १ एप्रिल २०२१ रोजीं काउंटी कौन्सिल व तिच्याखालील सातहि जुन्या सभा मोडून दोन मोठ्या सभा स्थापन झाल्या. नॉर्दॅम्प्टन त्यांपैकीं पश्चिमेकडील सभेंत गेलें. नोटीस निघाली काउंटीच्या सभेवर; पण तिच्याबरोबर गांवाचीहि सभा गेली.

त्याच दिवशीं पंचवीस सभासदांची एक नवी नगरसभा अस्तित्वांत आली. मेयरचा मान, नागरिकांचे भाजीपाल्याचे मळे, उत्सव हीं तिचीं कामें. शाळा, रस्ते व वृद्धांची व्यवस्था हीं मात्र मोठ्या सभेचीं.

एकाच सभेकडे सर्व कामें असलीं म्हणजे जबाबदार कोण हें नागरिकाला चटकन् कळतें, हें खरें. तथापि आपल्या गल्लींतील रस्त्यासाठीं त्याला आतां कित्येक गांवांच्या एकत्र सभेकडे दाद मागावी लागते. मेयरच्या गळ्यांतील साखळी गांवांतच राहिली. तिजोरीची किल्ली मात्र गांवाबाहेर गेली. नगरसभेची योग्यता जोखावयाची, तर प्रथम ही किल्ली कोणाच्या कमरेला आहे, हें पाहिलें पाहिजे.