अर्ध्या बादलीची शिकवण



गेल्या एप्रिलमध्ये आम्ही पाच मैत्रिणींनी सेशेल्सला कप्तानासह कॅटामरान भाड्याने घेतली. दोन मोसमी वाऱ्यांमधला तो शांत काळ. माहे, प्रास्लिन, ला डिग अशी बेटं बघत आठवडाभर बोटीवरच मुक्काम. शेजारी-शेजारी दोन होड्या जोडाव्यात तशी ही बोट. फारशी कलत नाही, म्हणून मला पोहता येत नसूनही धीर आला. नाव मूळचं तमिळ, ‘कट्टुमरम’, म्हणजे बांधलेली लाकडं.

पहिल्याच दिवशी कप्तानाने बजावलं, “गोडं पाणी टाकीत आहे तेवढंच.” बाकीच्यांचे चेहरे पडले. मी मात्र पाथर्डीची, टँकरच्या रांगेत वाढलेली! अर्ध्या बादलीत अंघोळ करायची माझी सवय कॉलेजच्या होस्टेलवर मी लाजून लपवायचे. बोटीवर तीच चौघींना शिकवली.

तुम्हीही जाल तेव्हा भाड्यात कप्तान, इंधन, जेवण धरलंय का, ते आधी विचारा. पाण्याची काळजी नको. डबा खाऊन झाल्यावर बाटलीत उरलेलं पाणी बाई आपल्याला ज्या कडुनिंबाला घालायला लावायच्या, त्याच्याच सावलीत आज आपण बसलोय.