रिकामी लिफ्ट वर जाते तेव्हां

सातव्या मजल्यावर कळ दाबली कीं तळाची रिकामी लिफ्ट वर येते. रिकामीच ती, मोटरला श्रम थोडे, असा सर्वसाधारण समज. वस्तुस्थिति याहून विचित्र आहे. दोराच्या दुसऱ्या टोकास समतोल राखणारें जें वजन असतें, तें लिफ्टचें वजन अधिक तिच्या पूर्ण भाराचा साधारण निम्मा हिस्सा, इतकें ठेवलेलें असतें. त्यामुळें रिकामी लिफ्ट वर ओढावी लागत नाहीं. तें वजनच तिला वर खेचतें आणि मोटर उलट आवरून धरते. अशा वेळीं मोटर वीज खात नाहीं, निर्माण करते! माणसांनीं भरलेली लिफ्ट उतरतांनाहि हेंच घडतें.

ही वीज जावी कोठें? हल्लींच्या बहुतेक लिफ्टांना विद्युत्-नियंत्रक असतो. तो ४१५ व्होल्टांचा उलटसुलट प्रवाह एकाच दिशेचा करून कंडेन्सरांत साठवितो. तेथें दाब सुमारें ५८७ व्होल्ट राहतो. साध्या नियंत्रकाचें दार एकाच बाजूस उघडतें, म्हणून मोटरकडून आलेली वीज तारेंत परत जात नाहीं. ती कंडेन्सरांत सांचते व दाब पाहतां पाहतां चढतो. ८०० व्होल्टांच्या आसपास नियंत्रक आत्मरक्षणार्थ मोटर तोडतो, यांत्रिक ब्रेक आवळला जातो, आणि एकटीच वर निघालेली एखादी वृद्ध बाई दोन मजल्यांच्या मध्यें अडकते.

यावर उपाय रोधकाचा. दाब सातशेंच्या वर गेला कीं जादा वीज आपोआप त्या जाळीदार डब्यांतील वेटोळ्यांत वळते व तिची उष्णता होते. डबा तापतो, तो तापण्यासाठींच असतो. त्यावर जुनीं फडकीं वाळत घालणारे महाभाग गच्चीवरील यंत्रखोलींत आढळतात. झरोके बुजविणारेहि कमी नाहींत. वेग हळूहळू उतरविण्याची युक्ति पंख्यासारख्या यंत्रास पुरते. लिफ्टला ती अपुरी, कारण वजनाचें ओढणें थांबत नाहीं. उंच इमारतींत वीज परत तारेंत घालणारा नियंत्रक परवडतो, लहान इमारतींत क्वचित्.

रोधकाची तार तुटली तर दोष लगेच उघड होत नाहीं. निम्मी भरलेली लिफ्ट बहुधा सुरळीत चालते. रिकामी वर किंवा भरलेली खालीं जातांना मात्र अडते. ती कोणत्या दिशेनें जातांना थांबली व आंत माणसें किती होतीं, एवढें सोसायटीच्या चिटणीसांनीं लिहून ठेवलें, तर कारागीर प्रथम त्या डब्याकडेच वळतो.