सर्दीची एक गोळी



सर्दीला आपल्याकडे सहसा कोणी आजार मानीत नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्यात पाळीवर निघालेला कामगार नाक वाहते म्हणून रजा टाकीत नाही. वाटेवरच्या दुकानातून एक गोळी घेतो आणि कामावर जातो. अशा कित्येक गोळ्यांत पूर्वी फेनिलप्रोपॅनोलामीन नावाचे उत्तेजक द्रव्य असे. ते रक्तवाहिन्यांचे आकुंचन करते. त्यामुळे नाकातील सूज उतरून श्वास मोकळा होतो. त्याने भूकही मंदावते, म्हणून अमेरिकेत वजन घटविण्यासाठी ते सर्रास विकले जाई. परंतु हे आकुंचन नाकापुरतेच राहत नाही. रक्तदाबही वाढू शकतो.

तेथील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी मेंदूत रक्तस्राव झालेल्या, १८ ते ४९ वर्षे वयाच्या ७०२ रुग्णांची १,३७६ इतर व्यक्तींशी तुलना केली. भूक मंदावण्यासाठी हे औषध घेणाऱ्या स्त्रियांत रक्तस्रावाचा धोका सुमारे सोळापट आढळला. ६ नोव्हेंबर २००० रोजी अमेरिकी औषध प्रशासनाने उत्पादकांना विक्री थांबविण्यास सांगितले. त्याआधी पाचच दिवस छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले होते. भारत सरकारची बंदीची अधिसूचना निघाली ती १० फेब्रुवारी २०११ रोजी. तोवर या राज्याला दहा वर्षे पूर्ण झाली होती.

मधल्या काळात असे म्हटले जाई की, आपल्याकडील गोळीत मात्रा कमी असते आणि ती वजनासाठी कोणी घेत नाही. या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. एकेका माणसापुरता धोका अल्पच होता. परंतु लक्षावधी लोक जे औषध वैद्यास न विचारता घेतात, त्यातील अल्प धोकाही कोणाच्या तरी घरी पूर्णांशाने येतो. आणि तो पत्करायचा कशासाठी? आठवड्याभरात बहुधा आपोआप बऱ्या होणाऱ्या सर्दीसाठी! शासनाने तोलावयाचे असते ते हेच.

ते द्रव्य गेले. त्याच्या जागी अनेक गोळ्यांत फेनिलेफ्रीन आले. तेही रक्तवाहिन्या आकुंचित करणारेच आहे. तेव्हा ज्यांना रक्तदाबाचा विकार आहे, त्यांनी वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचावीत, किंवा कोणाकडून वाचवून घ्यावीत, आणि गोळी मागण्यापूर्वी आपला विकार दुकानदारास सांगावा. एवढ्याला अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.