पत्ता आपला, किल्ल्या दोघांकडे

(भिसेगाव इथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'स्वतःची वेबसाइट, स्वतःचं लिखाण'. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे तांत्रिक बोलणार हे तुम्ही गृहीत धरलं असेल. ते बोलेनच. पण आधी एक प्रश्न. गेल्या पाच-सात वर्षांत आपल्या कर्जत-खालापूरच्या मुलामुलींनी जे लिहिलं, लग्नातल्या खर्चाबद्दल, स्कॉलरशिपचे फॉर्म कसे भरायचे त्याबद्दल, उल्हास नदीचं पाणी चढलं तेव्हा कुणी कुणाला घरात घेतलं त्याबद्दल, ते सगळं आज कुठं आहे? काही फेसबुकवर खाली खाली गेलं. काही व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये होतं आणि फोन बदलल्यावर गेलं. चांगलं लिहिलं होतं हे आठवतं, पण दाखव म्हटलं तर दाखवता येत नाही.

हे आपल्याच बाबतीत होतं असं नाही. याहूच्या जिओसिटीजवर जगभरातल्या लोकांनी लाखो पानं बनवली होती, २००९ मध्ये ती सेवा बंद झाली. ऑर्कुटवर आपल्या मोठ्या भावाबहिणींनी किती गप्पा मारल्या, किती वाद घातले. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. गूगल प्लस २०१९ मध्ये गेलं. या कंपन्यांनी फसवलं असं मी म्हणत नाही. दुकान त्यांचं होतं, परवडेना तेव्हा त्यांनी शटर ओढलं. आपण तिथे पाहुणे होतो.

आता उलटं उदाहरण बघा. मायबोली ही मराठी साइट १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झाली. तेव्हा मराठी युनिकोडमध्ये लिहिण्याची सोयही हाताशी नव्हती. त्यानंतर आतलं सॉफ्टवेअर बदललं, फॉन्ट बदलले, लिहिणारे बदलले. पण पत्ता त्यांचा स्वतःचा होता, म्हणून मजकूर एका सॉफ्टवेअरमधून काढून दुसऱ्यात नेता आला. ऑर्कुट त्यांच्यानंतर आलं आणि त्यांच्याआधी गेलं.

फेसबुक सोडा असं माझं म्हणणं नाही. वाचणारे तिथे आहेत तर तिथे जायलाच हवं. फक्त लेख आधी आपल्या घरी ठेवा आणि तिथे त्याची लिंक द्या. आपण बरोबर उलटं करतो.

स्वतःच्या साइटला तीन गोष्टी लागतात. पहिली डोमेन, म्हणजे पत्ता. गावाकडच्या माणसाला सांगायचं तर सातबाऱ्यावरचं नाव. उपमा पूर्ण जुळत नाही, कारण डोमेन कायमचं विकत मिळत नाही, दर वर्षी पैसे भरून चालू ठेवावं लागतं. तेव्हा भाडेपट्टा म्हणा. डॉट इन घ्या, डॉट ऑर्ग घ्या. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारतही मिळतं. घेताना एकच बघा: पहिल्या वर्षीचा दर आणि दुसऱ्या वर्षीचा दर यांत मोठा फरक असतो, जाहिरातीत पहिलाच दाखवतात. दुसरी गोष्ट होस्टिंग, म्हणजे चोवीस तास चालू असलेल्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर भाड्याने घेतलेली जागा. आपल्यासारख्यांना सगळ्यात स्वस्त शेअर्ड होस्टिंग पुरतं. तिसरी गोष्ट सॉफ्टवेअर.

सॉफ्टवेअर अनेक आहेत, मी वर्डप्रेस सांगतो. कारण ते मराठीत चालतं, आणि अडलात तर मदत करणारा माणूस पनवेललाही सापडेल, पुण्यालाही. त्याच्या जन्माची गोष्ट मला आवडते. बी-टू नावाचं ब्लॉगचं एक सॉफ्टवेअर होतं. ते लिहिणाऱ्याने हळूहळू लक्ष देणं बंद केलं. सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली होतं, म्हणजे कुणीही कोड घेऊन पुढे नेऊ शकत होता. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी तो घेतला आणि मे २००३ मध्ये वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. आज जगातल्या दर दहा वेबसाइटांपैकी चारएक त्याच्यावर चालतात. मूळ माणूस बाजूला झाला तरी काम थांबलं नाही, कारण दुसऱ्याला ते उचलता येत होतं. हे लक्षात ठेवा, थोड्या वेळाने पुन्हा याच्याकडे येणार आहे.

एक घोटाळा आधीच सांगून टाकतो. वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉट कॉमवर कंपनी तुम्हाला खोली देते. डॉट ऑर्गवरून सॉफ्टवेअर फुकट उतरवून आपण आपल्या जागेत बसवतो. आज बोलतोय ते दुसऱ्याबद्दल.

बसवायला वेळ लागत नाही. बहुतेक होस्टिंगवाल्यांच्या पॅनेलमध्ये त्यासाठी एक बटण असतं. हाताने करायचं असेल तर एक रिकामा डेटाबेस बनवायचा, त्याचं नाव आणि पासवर्ड लिहून ठेवायचा, फाइल्स चढवायच्या, आणि ब्राउझरमध्ये आपला पत्ता उघडायचा. पुढचं ते स्वतःच विचारतं. पत्त्याआधी कुलपाचं चिन्ह दिसायला प्रमाणपत्र लागतं. ते लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं, थोड्याच मुदतीचं असतं, होस्टिंगवाला आपोआप नवं करतोय ना एवढं बघा. कुणी पैसे मागितले तर कशाचे ते विचारा.

खरी मेहनत मराठीची आहे, आणि इंग्रजी व्हिडिओंत ती कुणी सांगत नाही. लेखाला मराठी शीर्षक दिलंत की वर्डप्रेस त्यातूनच पानाचा पत्ता बनवतं. त्यासाठी जागा २०० अक्षरांची. पण देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, आत टक्क्याच्या खुणा असलेल्या नऊ अक्षरांत बदलतं. म्हणजे बावीस चिन्हांत जागा संपली, आणि शीर्षक मध्येच तुटलं. ती लिंक व्हॉट्सअॅपवर पाठवली की टक्क्या-टक्क्यांची माळ दिसते, आणि लोक व्हायरस समजून उघडतच नाहीत. म्हणून पत्ता रोमन लिपीत छोटा, हाताने लिहा. शीर्षक मराठीतच राहू द्या.

दुसरं, 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला तो अर्धा र. तो दोन प्रकारे टाइप होतो, डोळ्याला सारखाच दिसतो, पण मशीनला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. आपले उर्दूतून आलेले नुक्त्याचे शब्दही तसेच. सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा असं ठरवून टाका, नाहीतर तीन वर्षांनी स्वतःचाच लेख शोधून सापडणार नाही. आणि संस्थांकडचे जुने अंक श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेले असतात. ते कॉपी करून चिकटवले तर नुसती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. आधी युनिकोडमध्ये बदला, मग एका माणसाने मूळ छापील अंक समोर ठेवून वाचा. बदलताना जोडाक्षरं हमखास मोडतात. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. तेव्हापासूनच्या लेखांतलं बरंच अशाच पेटाऱ्यांत पडलेलं आहे. ते वर आणायचं काम कंटाळवाणं आहे, पण मोठं आहे.

फोटो चढवताना आपला वाचक डोळ्यासमोर ठेवा. तो कर्जतहून मुंबईला रोज शंभर किलोमीटर जातो आणि लोकलमध्ये वाचतो. पुण्याकडे निघाला तर घाटातल्या बोगद्यांत नेटवर्क जातं. मोबाइलने काढलेला पाच एमबीचा फोटो तसाच टाकलात तर पान उघडेपर्यंत तो दुसरीकडे गेलेला असेल.

आता मुलींसाठी बोलतो, आणि मुलांनीही नीट ऐका. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ ला, लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या मुस्लिम बायकांचे फोटो उचलून त्यांचा 'लिलाव' मांडणारी अॅप्स निघाली. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटकाही केल्या. तेव्हा एखादीला टोपणनावाने लिहायचं असेल तर ती भित्री आहे असं कुणी म्हणू नये. तिला ते नाव नीट झाकून देणं हे साइट चालवणाऱ्याचं काम आहे. वर्डप्रेसमध्ये लेखाखाली 'सबा' दिसत असलं, तरी तिचं लॉगिन खऱ्या नावाने बनवलेलं असेल तर लेखकाच्या पानाच्या पत्त्यात ते उघडं पडतं. थोडी माहिती असलेल्या माणसाला ते अर्ध्या मिनिटात सापडतं. म्हणून लॉगिन पहिल्यापासून टोपणनावानेच बनवा. मोबाइलच्या फोटोत तो कुठं काढला ती जागा लपलेली असू शकते, ती काढून मगच चढवा. आणि प्रतिक्रिया आधी आपण वाचायच्या, मग दिसू द्यायच्या. सेटिंगमध्ये एक खूण करायची आहे, बस.

लिहिणाऱ्याची जबाबदारीही आपलीच असते. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, एकीने लिहिलं होतं आणि दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. त्यातूनच ६६-अ कलमाला आव्हान मिळालं आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. पण दोन समाजांत तेढ वाढवण्याबद्दलचं, धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं कलम भारतीय न्याय संहितेत आहेच. आपल्या साइटवर प्रकाशक आपण. म्हणून लेख चढण्याआधी लेखकाशिवाय आणखी एकाने वाचलाच पाहिजे. घाबरून नाही, छापखान्यातही प्रूफ कुणीतरी वाचायचाच.

आता किल्ल्यांकडे येतो, ज्यासाठी मघाशी लक्षात ठेवा म्हटलं.

मला माहीत असलेल्या एका संस्थेची साइट होती. नाव घेत नाही. एका हुशार मुलाने बनवली. डोमेन त्याच्या ईमेलवर, पैसे त्याच्या कार्डावर, ओटीपी त्याच्या नंबरवर. तो नोकरीला आखातात गेला, इथलं सिम बंद झालं. नूतनीकरणाची ईमेलं येत राहिली, त्या पत्त्यावर कुणी बघत नव्हतं. मुदत संपली, डोमेन सुटलं, आणि तिसऱ्याच कुणीतरी ते उचललं. आज तो पत्ता उघडला की रमीची जाहिरात येते. ज्या संस्थेने व्यसनमुक्तीची शिबिरं घेतली तिच्या नावावर. त्या मुलाला दोष देणं सोपं आहे. पण इतक्या जणांत दुसरी किल्ली मागावी असं एकालाही वाटलं नाही, आणि मजकुराची प्रत कुणाच्या लॅपटॉपमध्येही नव्हती.

म्हणून डोमेन संस्थेच्या ईमेलवर घ्या, कुणाच्या खाजगी ईमेलवर नको. पासवर्ड दोघांकडे, त्यातली एक मुलगी असली तर उत्तम, ती बहुधा जास्त जबाबदारीने सांभाळते, निदान माझा अनुभव तसा आहे. डोमेनचे पैसे एकदम पाच वर्षांचे भरा आणि संपण्याची तारीख बैठकीच्या वहीत लिहा. कागदाच्या वहीत. आपल्याकडे अमानत हा शब्द आहे, आणि लोकांचं लिखाण सांभाळणं ही तीच गोष्ट आहे.

प्रत घेणं म्हणजे दोन गोष्टी: डेटाबेस, ज्यात लेख आहेत, आणि अपलोडचा फोल्डर, ज्यात फोटो आहेत. एकच घेतली तर अर्धंच घर वाचलं. महिन्यातून एकदा दोन्ही उतरवा आणि होस्टिंगच्या बाहेर ठेवा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं. मूळ डेटा आणि त्याची प्रत दोन्ही तिथेच ठेवणाऱ्यांचं सगळंच गेलं. आणि सहा महिन्यांतून एकदा ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न उघडलेली प्रत म्हणजे नुसती फाइल.

बाकी अपडेट वेळेवर करा, भारंभार प्लगइन घालू नका, आणि कुणी फुकटात महागडी थीम दिली तर घेऊ नका, त्यात काय घातलेलं असतं ते मी रोजच्या कामात बघतो.

आता चहा आहे. त्यानंतर इथेच या लॅपटॉपवर आपण एक साइट उभी करू. डोमेनचं नाव तुम्ही ठरवायचं, भांडण चहातच उरकून घ्या. छापील जुने अंक घेऊन आलेल्यांनी या टेबलावर ठेवा, आणि किल्ल्या सांभाळायला तयार असलेल्या दोघांनी मला नावं सांगा. दोन नावं मिळेपर्यंत मी डोमेनचे पैसे भरणार नाही.