जाणता कान, अजाण हात

संगीताची आवड आणि संगीताची विद्या या दोघी एकाच घरात नांदत असल्या, तरी त्यांची परस्परांशी ओळख असतेच असे नाही. चाळीस वर्षे मैफली ऐकलेला रसिक दोन स्वरांत राग ओळखतो आणि कोणत्या गवयाने कोणती जागा कशी घेतली होती, हे तपशिलाने सांगतो. पण त्यातील एखादा स्वर स्वतःच्या हाताने उमटविण्याचा प्रसंग त्याच्यावर आलेला नसतो. प्रौढपणी तो प्रसंग ओढवून घेतला, म्हणजे काय होते?

बेंगळुरूच्या आग्नेय भागात होसूर आणि सर्जापूर या रस्त्यांवरून नाव पडलेली एचएसआर लेआउट नावाची वसाहत आहे. नोकरीच्या निमित्ताने बेंगळुरूस आलेल्या एखाद्या मराठी गृहस्थाने तेथे पन्नाशीत व्हायोलिन शिकण्याचे मनात आणले, अशी कल्पना करावी. गाव त्याला अनुकूलच आहे. हे युरोपीय वाद्य बाळुस्वामी दीक्षितरांच्या (१७८६–१८५९) काळापासून दक्षिणेने आपलेसे केले आहे. म्हैसूरच्या टी. चौडय्यांनी (१८९५–१९६७) नाद शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा म्हणून सात तारांचे व्हायोलिन प्रचारात आणले. त्यांच्या स्मरणार्थ याच शहरात १९८० साली उभे राहिलेले सभागृहही व्हायोलिनच्या आकाराचे आहे.

मांडी घालून, वाद्याचे टोक उजव्या पावलावर टेकवून हा गृहस्थ गुरूंपुढे बसतो. गुरू कर्नाटक पद्धतीचे. तेव्हा पहिला पाठ मायामाळवगौळ रागातील सरळीचा. त्या रागाचे स्वर म्हणजे आपल्या भैरवाचेच स्वर. परक्या पाठात ओळखीचा राग भेटल्याचा त्याला आनंद होतो. पण तो क्षणभरच टिकतो. भैरवातील कोमल ऋषभ कसा आंदोलित होतो, हे त्याने थोरामोठ्यांच्या तोंडून ऐकलेले असते. त्याच्या गजाखाली मात्र तो ऋषभ नुसता करकरतो.

व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. बोट केसभर सरकले की स्वर ढळतो. शेजारी बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाला ते उमगतही नाही. तो चुकतो, हसतो आणि पुढे वाजवितो. त्या मुलाचे कान आणि हात एकाच वयाचे असतात. गृहस्थाचा कान पन्नास वर्षांचा आणि हात आठ दिवसांचा. प्रौढ विद्यार्थी वाद्य खाली ठेवतो, त्याचा दोष आपण ताठरलेल्या बोटांना देतो; परंतु पुष्कळदा त्याला उठविते ती त्याची स्वतःची अभिरुची. जे आपण आयुष्यभर पूजिले, तेच आपल्या हातून विद्रूप होत आहे, ही वेदना बोटांच्या दुखण्याहून मोठी असते.

तिच्या जोडीला लाज असते. प्लेटोच्या ‘युथिडेमस’ या संवादात सॉक्रेटिस सांगतो की, तो उतारवयात कॉनस नावाच्या शिक्षकाकडे तंतुवाद्य शिकण्यास जाई, तेव्हा बरोबरची मुले त्याला हसत आणि त्या शिक्षकाला ‘म्हाताऱ्यांचा मास्तर’ अशा अर्थाचे नाव ठेवीत. सॉक्रेटिसाने त्यामुळे शिकवणी सोडली नाही. अमेरिकेतील शिक्षणविचारक जॉन होल्ट यांनी चाळिशीच्या सुमारास चेलो हाती घेतला आणि १९७८ साली ‘नेव्हर टू लेट’ या पुस्तकात आपला संगीतप्रवास सांगताना, बालपणी जे साधले नाही ते पुढे साधतच नाही या समजुतीस विरोध केला.

तथापि, केवळ धीराने काम भागत नाही. कानाकडून योग्य ते काम करवून घ्यावे लागते. पडदे नसलेल्या वाद्यावर स्वराची जागा दाखविणारा कानावाचून दुसरा कोण आहे? गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) हे गवई आणि व्हायोलिनवादकही होते. गळ्याने जाणलेली गायकी त्यांनी तारेवर उतरविली. त्यांच्या सिद्धीशी नवख्याने बरोबरी सांगू नये. परंतु कानाने हाताला वाट दाखवावी, हा क्रम त्याच्याही उपयोगाचा आहे. ‘हे किती वाईट वाजले?’ असे कानाला विचारले, तर तो न्यायाधीश होऊन शिक्षा ठोठावतो. ‘स्वर वर आहे की खाली?’ एवढेच विचारले, तर तोच गुरू होतो. म्हणून आवडती मैफल हाताने पुन्हा उभी करण्याचा हव्यास सोडून, रोज थोडा वेळ तंबोऱ्याच्या साथीने एक मोकळी तार सरळ गजाने वाजवावी आणि षड्जाशी षड्ज मिळवावा, हेच बरे.

हा गृहस्थ सभागृहात कधी वाजविणार नाही. उरलेल्या वर्षांचा हिशेब त्यालाही कळतो. पण पूर्वी तो गवयाची तान संपली की मान डोलवीत असे. आता तान सुरू होण्यापूर्वी गवयाने लावलेला नुसता षड्ज ऐकून तो स्तब्ध होतो. त्या एका स्थिर स्वरामागे किती पहाटा गेल्या असतील, याचा अंदाज त्याच्या बोटांना आलेला असतो. रसिकाला उशिरा मिळालेली ही विद्या त्याला वादक करील वा न करील; त्याने आजवर ज्यांना ऐकले, त्यांच्या श्रमाशी ती त्याची पहिली खरी ओळख करून देते.