प्रश्न एलिझाबेथचा



सतराव्या शतकातील युरोपीय तत्त्वज्ञान शिकवायचे म्हटले की आपण बहुधा देकार्तपासून आरंभ करतो. मन म्हणजे विचार करणारे द्रव्य, शरीर म्हणजे जागा व्यापणारे द्रव्य, दोन्ही सर्वस्वी भिन्न, असे फळ्यावर लिहितो. विद्यार्थी ते उतरून घेतात आणि परीक्षा झाली की विसरतात. माझे म्हणणे असे की, आरंभ या सिद्धांतापासून न करता त्यावर घेतलेल्या शंकेपासून करावा.

ती शंका १६४३ साली एलिझाबेथ या राजकन्येने पत्रातून विचारली. बोहेमियाचे राज्य गमावलेल्या राजाची ही चोवीस वर्षांची मुलगी हॉलंडमध्ये आश्रयाला राहत होती. तिने विचारले, एखादी वस्तू ढकलायची तर स्पर्श हवा. मग ज्याला लांबीरुंदीच नाही ते मन शरीराला कसे हलवते? देकार्तने जडपणाचा दृष्टांत दिला. जडपणा दगडाला खाली नेतो असे आपण म्हणतो, पण तो दगडाला ढकलतो असे कोणी मानत नाही. तसेच हे समजावे. तिचे समाधान झाले नाही. याहून मनालाच जडत्व आहे असे मानणे सोपे, असे तिने कळवले.

१६४५ साली सुखाविषयी पत्रव्यवहार चालू असता तिने आणखी एक अडचण मांडली. काही आजार विचार करण्याची शक्तीच हिरावून घेतात. मग निव्वळ विवेकाच्या बळावर माणूस सुखी कसा व्हावा?

मित्रहो, कामगारांचे अभ्यासवर्ग चालवणाऱ्याला हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. दिवसभर यंत्रापुढे उभा राहिलेला माणूस रात्रीच्या वर्गात पेंगतो, तेव्हा त्याची बुद्धी मंद नसते, शरीर थकलेले असते. कामाच्या तासांसाठी आम्ही भांडतो ते केवळ विश्रांतीसाठी नव्हे, विचाराला सवड मिळावी म्हणूनही.

एलिझाबेथच्या आग्रहातून देकार्तचा मनोविकारांवरील ग्रंथ आकाराला आला आणि १६४९ साली प्रसिद्ध झाला. तिची पत्रे मात्र छापून यायला १८७९ साल उजाडावे लागले. दोनशेहून अधिक वर्षे लोकांनी उत्तरे वाचली. प्रश्न कपाटातच राहिले.

तेव्हा शिक्षकांना माझी विनंती एवढीच, की दोघांची पत्रे शेजारी ठेवून वर्गात वाचावी. आणि एलिझाबेथचे समाधान कोठे अडले, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.